बांधावरच्या गोरखचिंचेची पाने, फळे आणि सालीचा वाख कितपत वापरावा?

माळरान_शिरोळ (प्रश्न)

नमस्कार. आमचे शेत शिरोळ तालुक्यात, नदीकाठच्या मळीपासून लांब, माळाच्या अंगाला आहे. त्या शेताच्या बांधावर एक जुने झाड असून घरातली वडीलधारी माणसे त्याला गोरखचिंच म्हणतात. बुंधा दोघांच्याही कवेत मावत नाही, साल करडी व गुळगुळीत आहे आणि खिळा ठोकला तर सहज आत जाईल इतके लाकूड मऊ आहे. दिवाळीनंतर पाने गळू लागतात व वळवाचे पाऊस पडून गेल्यावर पुन्हा पालवी फुटते. एका देठावर पाच किंवा सात पाने हाताच्या बोटांसारखी पसरलेली असतात. पावसाळ्याच्या तोंडाला मोठी पांढरी फुले येतात, पण दुसऱ्या दिवशी ती तपकिरी पडून खाली गळतात आणि फळ मात्र एखाद्याच वर्षी, तेही एखाद-दुसरेच धरते.

शेजारच्या ऊसकऱ्याने बांध सरळ करण्याचा विषय काढल्यापासून घरात या झाडावर रोज चर्चा होते. थोरले चुलते म्हणतात की वांझ झाड ठेवून उपयोग नाही. आजीचे म्हणणे वेगळे आहे. तिच्या लहानपणी याच झाडाच्या फळातला आंबट गर उन्हाळ्यात पाण्यात कालवून प्यायला देत असत व दुष्काळाच्या वर्षी कोवळी पानेही शिजवली जात. या झाडाच्या सालीची दावी वळत असत, असेही ती सांगते.

झाड तोडायचे नाही, असे माझे मन सांगते. परंतु घरच्यांना पटेल असे काही ठोस हाती हवे आहे. म्हणून जाणकारांना माझे विचारणे असे की, झाड नक्की गोरखचिंचेचेच आहे हे कसे ओळखावे, पाने व फळे निर्धास्तपणे खाता येतील काय, फळ का धरत नाही, आणि साल काढली तर झाडाला अपाय होईल काय? झाडाचे वय सांगता आले तर तेही सांगावे.

निवृत्त_वनस्पतीशिक्षक

आपण केलेले वर्णन गोरखचिंचेशी तंतोतंत जुळते. तरीही खाण्याचा प्रश्न असल्यामुळे खात्री करून घ्यावी. काटेसावरीची पानेही अशीच पंजासारखी असतात, पण तिच्या कोवळ्या खोडाफांद्यांवर शंकूसारखे काटे असतात, फुले बहुधा लाल असतात आणि बोंडातून कापूस निघतो. जंगली बदामाची पानेही हुबेहूब अशीच दिसतात. मात्र त्याच्या फुलांना दुर्गंधी असते व फळे लाल, होडीच्या आकाराची असून पिकल्यावर उकलतात. ब्रह्मदंडाची लांब देठाला लोंबणारी फळे पाहून काही जण फसतात, परंतु त्याचे पान पंजासारखे नसून पिसासारखे असते. गोरखचिंचेचे फळ साधारण वीतभर लांब, कठीण कवचाचे आणि बाहेरून मखमली लव असलेले असते. ते आपोआप उकलत नाही, फोडावे लागते. आत खडूसारखा कोरडा पांढरा गर, त्यातून गेलेले तांबूस धागे आणि मूत्रपिंडाच्या आकाराच्या काळसर बिया दिसल्या की शंकेला जागा उरत नाही.

हे झाड मूळचे आफ्रिकेचे. फ्रेंच निसर्गअभ्यासक मिशेल अदान्सों हे १७४९ साली सेनेगलला पोहोचले व तेथे त्यांनी या झाडाचा अभ्यास केला. पुढे लिनियसने त्यांच्याच नावावरून याला अदान्सोनिया डिजिटाटा असे शास्त्रीय नाव दिले. याची भावंडे प्रामुख्याने मादागास्कर बेटावर आहेत. तेथे सहा जाती आढळतात आणि एक जात ऑस्ट्रेलियाच्या वायव्य भागात आहे. आपल्याकडे हे झाड एकदाच कोणी आणून लावले असे नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासातून असे दिसले की आफ्रिकेच्या निरनिराळ्या भागांतून ते भारतीय उपखंडात वेगवेगळ्या वेळी येत राहिले. मांडू, विजयपूर आणि गोवळकोंडा येथे जुनी झाडे का दिसतात, याचा काहीसा उलगडा यावरून होतो, कारण माळव्याच्या व दख्खनच्या सुलतानांच्या काळात आफ्रिकेतून आलेले हबशी सैनिक, व्यापारी व सरदार या प्रदेशात मोठ्या संख्येने होते. हावेरी जिल्ह्यातील सवणूरच्या मठाच्या आवारात असलेली तीन प्रचंड झाडे आपण अवश्य पाहावीत. कोल्हापूरहून ते ठिकाण फार लांब नाही.

आता फळांविषयी. आपल्या चुलत्यांना कृपया सांगावे की झाड वांझ नाही, ते एकटे आहे. गोरखचिंचेच्या फुलाला स्वतःच्याच झाडाचा पराग सहसा लागू पडत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग मिळाला तरच फळ धरते. फूल संध्याकाळी उमलते, रात्रभर उघडे राहते आणि सकाळी मलूल होते, म्हणून मधमाशीवर फारशी भिस्त ठेवता येत नाही. हे काम मुख्यतः फळे खाणारी वटवाघळे करतात व काही ठिकाणी मोठे निशाचर पतंगही करतात. आसपासच्या काही कोसांत दुसरी गोरखचिंच नसेल, तर वटवाघळे आली तरी पराग आणणार कुठून? दुसरे झाड सापडल्यास त्याचे त्याच संध्याकाळी उमललेले फूल आणून त्यातील पुंकेसरांचा झुबका आपल्या झाडाच्या फुलातील लांब कुक्षीवर हलकेच फिरवावा. फळ पक्व होण्यास पाच ते सहा महिने लागतात, त्यामुळे घाई करू नये.

वयाबाबत बुंध्याच्या घेरावरून केलेला कोणताही अंदाज मान्य करू नये. या झाडात वर्षवलये नेहमीच स्पष्ट व विश्वासार्ह नसतात, आणि अनेक जुनी झाडे एकाच खोडाची नसून शेजारी उगवलेली खोडे जुळून तयार झालेली असतात. वय काढायचे तर लाकडाच्या नमुन्याचे कार्बनमापन करावे लागते. अशाच मापनांवर आधारलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतील सर्वांत जुन्या तेरा झाडांपैकी नऊ झाडे २००५ नंतरच्या काळात पूर्णतः मेली किंवा त्यांची सर्वांत जुनी खोडे कोसळली, असे त्यात नोंदले आहे. झिंबाब्वेतील पान्के नावाचे झाड सुमारे २४५० वर्षांचे होते.

मला सर्वांत मोठी काळजी ऊसकऱ्याच्या पाटाची वाटते. हे झाड कोरड्या प्रदेशातले आहे, पाणी खोडात साठवून उन्हाळा काढते आणि मुळाशी तुंबलेले पाणी त्याला सोसत नाही. बुंध्याजवळून पाट गेला किंवा सरीचे पाणी वारंवार तेथे साचले, तर मुळे कुजून एवढे मोठे झाड एखाद्या वादळात अचानक आडवे होऊ शकते. बांध राहीलच, पण झाडाच्या बाजूला चर काढून पाणी दूर वळवणे आवश्यक आहे.

कारखाना_ते_सुदान

मी मूळचा हातकणंगले तालुक्यातला. साखर कारखान्यातील नोकरीच्या निमित्ताने सुदानमध्ये राहण्याचा योग आला, त्यामुळे या झाडाविषयी जे जवळून पाहिले तेवढेच लिहितो.

तिथे झाडाला तबल्दी म्हणतात व फळाला गोंगोलेज. पांढऱ्या नाईलच्या काठच्या बाजारात फळे पोत्याने विकायला येत आणि बरीचशी पश्चिमेकडच्या कोर्दोफान भागातून आणलेली असत. बायका फळ दगडावर आपटून फोडत, बियांसकट गर भांडेभर पाण्यात टाकत, हाताने चोळून बिया सुट्या करत आणि तो दाटसर पांढरा रस गाळून साखर घालून देत. उपवास सोडताना हे पेय बहुतेक घरांत असे. सेनेगलमधला एक सहकारी सांगत असे की त्यांच्याकडे याच पेयाला बुई म्हणतात व त्यात दूधही घालतात. गर चांगलाच आंबट असल्यामुळे तापलेल्या दुधात टाकल्यास दूध फाटते, म्हणून दूध गारच असावे आणि ते शेवटी घालावे.

गराचे महत्त्व आता जगाला कळले आहे. युरोपीय संघाने २००८ साली या गराला खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली व त्यानंतर भुकटीच्या रूपात त्याचा व्यापार वाढला. त्यात क जीवनसत्त्व भरपूर असते. प्रमाण झाडागणिक व प्रदेशागणिक पुष्कळ बदलते, पण कोरड्या गराच्या १०० ग्रॅममध्ये संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व मिळाल्याच्या नोंदी आहेत. तंतू व पेक्टिन असल्याने रस दाट होतो. आपल्या भागात हा रस साखरेऐवजी कोल्हापुरी गुळाने गोड करावा, असे मी आग्रहाने सुचवीन, कारण गुळाचा खमंगपणा आणि गराचा आंबटपणा यांचे उत्तम जमते. चिमूटभर मीठ व वेलदोड्याची पूड घातली की उन्हाळ्यातले पन्हे तयार.

कोर्दोफानमध्ये मी याहूनही विलक्षण गोष्ट पाहिली. जुन्या झाडाचा बुंधा आतून पोकळ करून त्यात पावसाचे पाणी साठवतात. पावसाळ्यात झाडाभोवती उथळ खळगा करून पाणी गोळा करायचे, बादल्यांनी वर चढवून बुंध्यात ओतायचे, तोंड झाकायचे आणि कोरड्या महिन्यांत तेच पाणी प्यायचे, अशी तिथली रीत आहे. एकेक झाड कुणाच्या तरी नावावर असते व वारसाने पुढे जाते. ज्या गावाला विहीर नाही, त्या गावाचे सारे जगणे अशा झाडांवर अवलंबून असते. आपल्याकडे कोणी असा प्रयोग करू नये. आपल्याला विहिरी आहेत. परंतु बांधावरच्या एका झाडाला वांझ ठरवून तोडण्याचे ऐकले की ती पाण्याने भरलेली झाडे माझ्या डोळ्यांसमोर येतात.

इचलकरंजीची_आक्का

माझे माहेर विजयपूरकडचे. आमच्या नात्यातल्या एका वाड्याच्या मागे ही झाडे होती, त्यामुळे पानांच्या भाजीविषयी मला सांगता येईल.

पालवी फुटल्यानंतरची कोवळी, पोपटी, अजून पूर्ण न उलगडलेली पानेच घ्यावीत. जून पान चिवट लागते. देठ काढून पाने धुवावीत व चिरावीत. शिजताना त्यांना भेंडीसारखा बुळबुळीतपणा सुटतो, आणि पहिल्यांदा करणारी बाई त्यानेच घाबरते. त्यावर उपाय भेंडीचाच आहे: चिंचेचा कोळ किंवा दोन आमसुले घालावीत, म्हणजे तार तुटते. आम्ही ही भाजी अंबाडीच्या भाजीच्या रीतीने करत असू, म्हणजे तुरीची डाळ व ज्वारीच्या कण्या आधी मऊ शिजवून त्यात पाने घालायची, घोटायची, वरून भरपूर लसणीची चरचरीत फोडणी द्यायची. फरक एवढाच की अंबाडी स्वतः आंबट असते, हिला आंबटपणा वरून द्यावा लागतो. कोल्हापूरकडच्या घरांत कांदा-लसूण चटणी असतेच. ती चमचाभर घातली तर भाजीला अंग येते. भाकरीबरोबर फार छान लागते.

नायजेरियाच्या उत्तर भागात याच पानांची भुकटी करून तिचे कुका नावाचे दाट कालवण रोजच्या जेवणात खातात, हे मी वाचले आहे. पाने वर्षभर मिळत नाहीत म्हणून वाळवून ठेवण्याची पद्धत आपणही उचलावी. उन्हात न वाळवता सावलीत, वारा लागेल अशा जागी सुती कापडावर पसरावीत, कारण कडक उन्हात अ जीवनसत्त्व देणारा अंश बराच नष्ट होतो. चुरचुरीत झाली की हाताने चुरून चाळावीत व बरणीत भरावीत. आमटी पातळ झाली तर चमचाभर भुकटीने ती दाट होते. पानांत चुनखडीचा अंश म्हणजे कॅल्शियम चांगले असते, त्यामुळे बाळंतिणीच्या घरी ही भुकटी असावी असे मला मनापासून वाटते.

दोन गोष्टी मात्र जपाव्यात. शेजारच्या उसावर तणनाशक किंवा कीटकनाशक मारले असेल, तर त्या पंधरवड्यात पाने तोडू नयेत. आणि घरात पहिल्यांदा करताना प्रत्येकाला थोडीच वाढावी, अंगाला मानवते का ते पाहावे, मग पोटभर खावी.

वाखाचे_घर

दोर वळणे हा आमचा पिढीजात धंदा. अंबाडीच्या वाखाचे कासरे, दावी, मुसक्या आणि पूर्वी मोटेचे नाडे आमच्या घरातून आसपासच्या गावांना जात. बेंदराच्या आधी तर दाराशी रीघ लागे. म्हणून सालीच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो.

गोरखचिंचेच्या सालीतून उत्तम वाख निघतो, यात संशय नाही. बाहेरची खरखरीत साल टाकून द्यायची असते. कामाचा असतो तो आतला पापुद्र्यांचा थर. तो ठोकून मऊ केला, सुकवला व पुन्हा ओलसर करून पीळ दिला, की मजबूत दोर होतो. आफ्रिकेत त्याचे दोरखंड, मासळीची जाळी, टोपल्या आणि वाद्यांच्या तारासुद्धा करतात. केनियातील कांबा लोकांच्या कियोंडो नावाच्या प्रसिद्ध पिशव्या पूर्वी या वाखाने विणल्या जात. झाडाचा मोठा गुण असा की इतर बहुतेक झाडांची साल चहूबाजूंनी सोलली तर झाड मरते, हे झाड मात्र नवी साल धरते. आपल्या बुंध्यावर खालच्या अंगाला माणसाच्या उंचीपर्यंत आडवे-उभे चट्टे, वळकट्या किंवा फुगीर कडा दिसत असतील, तर आजी म्हणतात ते खरे असून पूर्वी कोणीतरी साल काढलेली आहे, असे समजावे. आपण ते जाऊन पाहावे व येथे कळवावे, ही विनंती.

असे असले तरी माझा सल्ला स्पष्ट आहे: या झाडाची साल काढू नका. साल पुन्हा येते, पण त्याला वर्षे जावी लागतात आणि तोवर झाडाची ताकद जखम भरण्यातच खर्च होते. झिंबाब्वेमध्ये सावे नदीच्या खोऱ्यात सालीच्या चटया विणून रस्त्याकडेला विकण्याचा धंदा गेल्या शतकाच्या अखेरीस एवढा वाढला की जुनी साल भरून येण्याआधीच वर वर, नव्या जागी सोलले जाऊ लागले आणि झाडांच्या प्रकृतीविषयी तिथल्या लोकांना काळजी लागली. तिथे निदान हवा कोरडी आहे. आपल्याकडे जूनपासून ओल सुरू होते. उघड्या, मऊ, पाण्याने भरलेल्या खोडाला ऐन पावसात बुरशी लागली तर ती आवरणार कशी? शिवाय तिथे झाडांची राने आहेत, आपल्याकडे एकच झाड आहे.

वाख हवाच असेल तर अंबाडी लावावी. ती याच कुळातली आहे. पाने भाजीला होतात, आणि फुलोऱ्यावर आल्यावर ताटे कापून, जुड्या बांधून पाण्यात कुजवली की वाख सुटतो. कुजवण्याचे पाणी रोज पाहावे लागते. साल बोटाने ओढली की काडीपासून अलगद सुटली पाहिजे. एक दिवस कमी झाला तर ती काडीला चिकटून राहते आणि जास्त झाला तर वाखाचा दमच जातो. मक्याच्या किंवा तुरीच्या कडेने दोन ओळी पेरल्या तरी घरापुरती दावी होतात. आजींना दावे वळायचे असेल, तर वाख मी देईन. त्यासाठी झाडाला विळा लावू नये.

माळरान_शिरोळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपली उत्तरे मी घरात मोठ्याने वाचून दाखवली. चुलत्यांनी फुलांविषयीचा भाग पुन्हा वाचायला लावला व नंतर स्वतःच शेजाऱ्याकडे जाऊन पाटाची दिशा बदलण्याविषयी बोलून आले.

वाखाचे_घर यांनी सांगितल्याप्रमाणे बुंधा नीट पाहिला. उत्तरेच्या अंगाला, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत, सालीचा एक लांबट पट्टा आजूबाजूपेक्षा किंचित आत दबलेला असून त्याच्या दोन्ही कडा ओठांसारख्या जाड झाल्या आहेत. पट्ट्यावरची साल अधिक नितळ व थोडी हिरवट छटेची आहे. आजीला हात धरून नेले, तेव्हा तिने त्याच पट्ट्यावर बोट ठेवले.

आता बांधावर आणखी झाडे लावावीत असा विचार ठरला आहे. मांडूला बाजारात ही फळे विकत मिळतात असे कळले. एक नातेवाईक तिकडे जाणार आहेत. त्यांनी फळे आणल्यास बिया कशा लावाव्यात व फळाला किती वर्षे लागतील, हे सांगावे. झाड गावात असल्याने परवानगीचा काही प्रश्न येतो काय, हेही कळावे.

निवृत्त_वनस्पतीशिक्षक

मांडूची फळे जरूर आणावीत. वेगळ्या झाडाचे बी असल्यामुळे परागाची अडचणही त्यातूनच दूर होईल; आपल्याच झाडाच्या एखाद्या फळातील बी लावण्यापेक्षा हे अधिक चांगले.

बीचे कवच फार टणक असते व तसेच पेरल्यास ते वर्षभरही जमिनीत पडून राहते. गर धुऊन काढावा, पाणी उकळून चुलीवरून उतरवावे, त्यात बिया टाकाव्यात आणि रात्रभर तसेच राहू द्याव्यात. सकाळी फुगलेल्या बिया पेराव्यात. न फुगलेल्या बियांची कड कानसीने किंचित घासून त्या पुन्हा भिजत घालाव्यात. पिशवी खोल घ्यावी, कारण रोप लहान असतानाच खाली गाजरासारखे जाड मूळ धरते व उथळ पिशवीत ते वेडेवाकडे होते. पहिली पाने साधी, एकेरी येतील. ती पाहून बी भलतेच निघाले असे समजून रोप उपटू नये. पंजाची पाने नंतर येतात. माघ-फाल्गुनात बी टाकले तर पावसाळ्यापर्यंत रोप हाताशी येते, पण पहिल्या पावसाळ्यात ते पिशवीतच ठेवून पुढच्या वर्षी जमिनीत लावणे मला अधिक सुरक्षित वाटते. जागा उंच व निचऱ्याची असावी. २०१९ व २०२१ च्या महापुरात जिथवर पाणी आले होते, त्या रेषेच्या आत लावू नये, तसेच क्षारपड झालेल्या तुकड्यातही लावू नये.

बियांपासून केलेल्या झाडाला फळ यायला आठ-दहा वर्षांपासून वीसहून अधिक वर्षेही लागू शकतात. फळ देणाऱ्या झाडाची फांदी रोपावर कलम केल्यास हा काळ पुष्कळ कमी होतो, म्हणून रोपे अंगठ्याएवढी जाड झाली की कलमाचा विचार करावा. पानांसाठी मात्र थांबण्याची गरज नाही. मालीमध्ये या झाडाची रोपे भाजीच्या वाफ्यात दाट लावतात, शेंडे खुडत राहतात आणि पानांचे पीक घेतात. परसात असा एक वाफा केला तर आक्कांनी सांगितलेली भाजी पहिल्याच पावसाळ्यात थोडी का होईना, घरात येईल, आणि उंच झाडावर चढण्याचा धोकाही टळेल.

परवानगीविषयी एवढेच की पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून संरक्षण देणारी २०२१ ची दुरुस्ती नागरी क्षेत्रांतील झाडांच्या १९७५ च्या कायद्यात झालेली आहे. तो कायदा महापालिका व नगरपरिषदांच्या हद्दीत लागू होतो. आपले शेत ग्रामपंचायतीत असल्यास वृक्षतोडीचे नियम वेगळे आहेत, आणि तोडायचेच नसल्याने तो प्रश्न आपल्यापुढे नाही. तरीही पुढे बांधावरून वाद उद्भवू नये यासाठी तलाठ्यांकडे अर्ज करून सातबाऱ्याच्या पीकपाहणीत या झाडाची नोंद करून घ्यावी, आणि बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर मोजून तोही आपल्या वहीत तारखेसह लिहून ठेवावा.